तिसरा ठिपका

आमच्या महागाव तालुक्यात उंट राहत नाही. कापूस राहतो, सोयाबीन राहतं, रानडुकरं राहतात आणि चौकाचौकात फ्लेक्स राहतात. पण त्या सकाळी माझ्या फोटोच्या दुकानासमोरच्या फ्लेक्सवाल्याच्या स्क्रीनवर चांगला धडधाकट उंट उभा होता. उंटाशेजारी एक बाई. बाईमागे वाळू, वाळूमागे राजवाडा. बाईचा रंग असा की जन्मात ऊन पाहिलं नसावं, आणि अंगावर एवढे आरसे की उन्हात उभी केली असती तर उंटाचे डोळे दिपले असते.

"कसं वाटून राह्यलं?" फ्लेक्सवाला खुर्चीत मागे रेलून म्हणाला. "आर्ट हाय का नाही, सांग."

मी आधी बोटं मोजली. लोक म्हणतात हे एआय बोटं चुकवतं. एका हाताला पाच, दुसऱ्याही हाताला पाचच निघाली. मला मनापासून वाईट वाटलं.

हा फ्लेक्सवाला माझा वर्गमित्र. पाचवीपासून दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो आणि सगळी वर्षं त्यानं माझ्या पेपरात पाहून लिहिलं. आता त्याला असं यंत्र सापडलंय की जे अख्ख्या दुनियेच्या पेपरात पाहून लिहितं. दोघांचं गोत्र एकच, त्यामुळे त्यांचं फार लवकर जमलं. पूर्वी वाढदिवसाच्या फ्लेक्ससाठी तो माझ्याकडून फोटो काढून न्यायचा. आता मोबाइलमध्ये दोन ओळी लिहितो, आणि आमचा ग्रामपंचायत सदस्य वाघावर हात ठेवून उभा राहतो. त्या सदस्याला मी लहानपणापासून ओळखतो. तो शेळीलाही घाबरतो.

"ही बाई कोण?" मी विचारलं.

"बाजूच्या तांड्यावरची. मरून लई वर्षं झाले. फोटो सडला होता, मी जित्ता करून टाकला."

"तांड्यावर राजवाडा कधी बांधला रे?"

"अबे, मी फक्त 'बंजारा बाई' लिवलं. बाकी त्यानं मनानं टाकलं. चुकलं काय? शोभूनच राह्यलं ना."

दुकानाच्या पायरीवर जिच्यासाठी हे शोभून राहिलं होतं ती बसली होती. पंचावन्नच्या आसपासची, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत गुंडाळलेला तो मूळ फोटो. तिनं स्क्रीनकडे एकदा पाहिलं, पदरानं चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"हे माही बहीन नोहे," ती म्हणाली.

"बाई, चेहरा तर तुमच्याच फोटोतला घेतला ना!"

"ह्या बाईच्या घरी कोनी मेलं असन तर मले दुःख हाय. पन हे माही बहीन नोहे. इचं गोंदण कुठी हाय?"

मी मोठ्यानं हसलो. आज कबूल करतो, त्या हसण्यात बाईबद्दलचा कळवळा कमी आणि वर्गमित्राची फजिती जास्त होती.

मूळ फोटो मी हातात घेतला. घराचं छप्पर गळून त्यावर पाणी उतरलं होतं. डोळे, कपाळ, भांगातला दागिना एवढं शाबूत होतं. नाकाखालचं सगळं पिवळं पडून उडून गेलं होतं. फोटो उलटा केला तर मागे आमच्या स्टुडिओचा शिक्का, आणि त्याखाली अब्बांच्या जांभळ्या पेन्सिलनं लिहिलेला नंबर. फोटो आमचा. काढणारा मी.

बाईनं सांगितलं ते थोडक्यात असं. ही तिची धाकटी बहीण. लग्नानंतर नवऱ्यासोबत येऊन हा एक फोटो काढला, पाच वर्षांनी एक मुलगी झाली, मुलगी रांगायला लागायच्या आत बहीण तापानं गेली. मुलीला ह्या मावशीनंच वाढवलं. आता आठ दिवसांवर मुलीचं लग्न आलं होतं. बाप दुसऱ्या संसारात गुंतलेला. मांडवात आईचा फोटो ठेवायचा, हार घालायचा, मुलीनं पाया पडून निघायचं, एवढी मावशीची इच्छा.

"पोरीनं याडीचं तोंड पाह्यलंच नाही," ती म्हणाली. याडी म्हणजे त्यांच्या गोरबोलीत आई. "लहानपनापासून विचारते, मावशी, याडी कशी होती? मी सांगतो, पन सांगून का तोंड दिसते? सासरी जायच्या आधी एकदा पाहू द्या तिले."

फ्लेक्सवाला मनानं वाईट नाही. तो लगेच कामाला लागला. लिहिलं, 'हनुवटीवर टॅटू.' यंत्रानं बाईच्या हनुवटीवर गुलाब काढला, काट्यांसकट. 'पारंपरिक' असा शब्द घातला, तर गालापासून गळ्यापर्यंत मोर आला. तिसऱ्या वेळी हनुवटीवर असलं जाळं उमटलं की बाईला दाढी फुटली म्हणावं. चहाच्या टपरीवरचे चारपाच रिकामटेकडे येऊन मागे उभे राहिले आणि सूचना देऊ लागले. उंट तेवढा आपल्या जागी अढळ होता.

"हनुवटीवर तीन ठिपके होते," बाई म्हणाली. "मले हायेत तसेच." तिनं पदर मागे सारून स्वतःची हनुवटी दाखवली. हिरवट निळे तीन ठिपके, एका ओळीत. "बाजारात गोंदणवाली आली होती. आम्ही दोघी एकाच दिवशी बसलो. माहं आधी झालं. ते लहान, रडून राह्यली होती, तर मी तिचं डोस्कं धरून बसली. दोन ठिपके बराबर झाले. तिसऱ्याले माहा हात सुटला, ते हलली, अन् तिसरा ठिपका वर सरकला. व्हटाकडे. सारा तांडा तिले त्याच्यावरूनच ओळखे."

फ्लेक्सवाल्यानं लिहिलं, 'तीन ठिपके, एक वाकडा.' यंत्रानं तीन ठिपक्यांचा सुबक त्रिकोण काढून दिला. त्यानं पुन्हा लिहिलं. पुन्हा दुसरा सुबक त्रिकोण. वाकडं काही त्याला जमेना. जे निघेल ते देखणंच निघे.

"राहू द्या, मी हातानं टाकतो," तो वैतागून म्हणाला. "बाई, तुमी फक्त बोट ठेवा, कुठी होता ते."

बाईनं स्क्रीनजवळ बोट नेलं. हवेतच थांबली. मग हात मागे घेतला.

"नाही बापा. मी डोयानं पाह्यला हाय, बोटानं कसा दाखवू? तुमी टाकसान तर तो तुमचा ठिपका होईन."

इथे मी मध्ये पडलो. पडायलाच पाहिजे होतं का? नव्हतं. पण पाचसहा माणसं जमलेली, वर्गमित्र खाली मान घालून बसलेला, असा मोका आयुष्यात किती वेळा येतो?

"बाई, उठा," मी म्हटलं. "ह्याच्या नादी लागू नका. माझ्याकडे निगेटिव्ह आहे."

आणि मग मी भाषण दिलं. अल्ला माफ करो, काय भाषण दिलं! फोटोग्राफी म्हणजे काय, हे त्या दिवशी टपरीवरच्या मंडळींना प्रथमच कळलं असेल. मी म्हटलं, फोटोसाठी समोर माणूस लागतो. खरा, हाडामांसाचा, घाम येणारा. त्याच्या तोंडावरचा उजेड कॅमेऱ्यात शिरतो आणि फिल्मवर बसतो. समोर जे असेल ते, जसं असेल तसं. आणि ह्याच्या डब्यासमोर कोण असतं? कोणीच नाही! तो न पाहिलेल्या बाईचं चित्र काढतो, न पाहिलेल्या उंटासोबत. ह्याला कला म्हणता? कॅमेरा खोटं बोलत नाही, असं म्हणून मी छातीवर हातसुद्धा ठेवला.

"जा बे," फ्लेक्सवाला म्हणाला. "तुह्या स्टुडिओत मी कोट घालून फोटो काढला होता, त्या कोटाले पाठ होती का?"

नव्हती. ते खरं आहे. आमच्या स्टुडिओत एकच कोट होता आणि तो अर्ध्या तालुक्यानं घातला. जाडा असो की बारीक, सर्वांना बसावा म्हणून अब्बांनी तो मागून उभा फाडून नाड्या लावल्या होत्या. पडद्यावर काश्मीरचं तळं रंगवलेलं, तळ्यात दोन हंस, त्यातला एक बदकासारखा दिसे. बाजूला तिपाईवर बिनतारेचा लाल टेलिफोन. घरी वीज नसलेली माणसं तो कानाला लावून गंभीर चेहऱ्यानं बसायची. पण हे सगळं त्या वेळी कबूल करायची माझी तयारी नव्हती.

"कोट वेगळा, चेहरा वेगळा," मी ठणकावलं. "चेहरा आमच्याकडे खरा असतो."

दोन दिवस मी पत्र्याचे डबे उपसत होतो. अब्बांची शिस्त होती, प्रत्येक निगेटिव्ह पाकिटात, पाकिटावर नंबर. पण अब्बांच्या मागे मी राज्य केलं, आणि माझ्या राज्यात डब्यांवर ट्रायपॉड, ट्रायपॉडवर गोण्या अशी व्यवस्था झालेली. बुरशी, झुरळं, वाळवी, सगळ्यांनी आपापला हिस्सा घेतलेला. बाई रोज काळीपिवळी जीपनं यायची, बाकावर बसायची, दुपारी भाकरी सोडायची, मला अर्धी द्यायची आणि संध्याकाळच्या आत परत जायची. लग्नघर सोडून ती इथे बसते म्हणून मला संकोच वाटायचा. तिला नाही वाटायचा.

तिसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास पाकीट सापडलं. मी ओरडलोच. समोरून फ्लेक्सवाला दुकान उघडं टाकून धावत आला, कारण हरलेल्या माणसाला आपली हार जवळून पाहायची असते, असं मी समजलो.

खिडकीच्या उजेडात मी निगेटिव्ह धरलं. कृष्णधवल फिल्म, तळहातात मावेल एवढा चौकोन. कडांना बुरशी होती, चेहरा पूर्ण शाबूत. निगेटिव्हमध्ये सगळं उलट असतं: गोरं ते काळं, काळं ते पांढरं. म्हणजे काळपट चेहऱ्यावर गोंदण पांढऱ्या ठिपक्यांसारखं चमकायला हवं. मी हनुवटी पाहिली.

ठिपके नव्हते.

बाई जागेवरून उठली. "दिसलं का, भाई?"

मी भिंग घेतलं. निगेटिव्ह जरा तिरपं केलं. तेव्हा हनुवटीवर आणि गालावर काहीतरी चकाकलं. राखाडी, गुळगुळीत. ते काय आहे हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. ती शिसपेन्सिल होती. माझी.

आता हे काम काय ते सांगतो. अब्बांनी मला कॅमेऱ्याच्या आधी पेन्सिल धरायला शिकवली. खिडकीपाशी एक उतरतं डेस्क, त्याला दुधी काच, काचेवर निगेटिव्ह. पेन्सिलीला सुईसारखं टोक काढायचं आणि श्वास रोखून चेहऱ्यावरचे डाग भरायचे. देवीचे व्रण, तीळ, मुरुमं, डोळ्यांखालची वर्तुळं. निगेटिव्हवर पेन्सिल फिरली की छापल्यावर तो भाग गोरा आणि साफ येतो. ह्याला आम्ही 'फोटो साफ करणं' म्हणायचो. गिऱ्हाईक सांगत नसे, आम्ही विचारत नसू. साफ केल्याशिवाय फोटो द्यायचा नाही, ही आमच्या दुकानाची इज्जत होती. तेव्हा माझा हात फार चांगला होता. नांदेडचे स्टुडिओवाले माझं काम पाहून मान डोलवायचे. आणि ह्या चांगल्या हातानं मी त्या पोरीचं गोंदण डाग समजून भरून टाकलं होतं. कसलंही वैर नव्हतं, दोन मिनिटांचं काम, पुढचं निगेटिव्ह घेतलं.

मला खोटं बोलता आलं असतं. "बुरशीनं खाल्लं, बाई," एवढं म्हटलं असतं तर ती माझ्या हातावर हात ठेवून, तुमी लई केलं भाई, असं म्हणून गेली असती. शब्द ओठांपर्यंत आला होता. फ्लेक्सवाल्याकडे पाहिलं, तर तो निगेटिव्ह बघत नव्हता, माझं तोंड बघत होता. पेपरात पाहून लिहिणाऱ्याला दुसऱ्याचं तोंड वाचता येतं.

"बाई," मी म्हटलं, "गोंदण होतं. मी पुसलं."

तिला कळेना. मी समजावून सांगितलं, पेन्सिल, डेस्क, सगळं. फ्लेक्सवाला दारात उभा राहून ऐकत होता. माझं झाल्यावर तो हळूच म्हणाला, "म्हणजे तू तर एआयचा बाप निघाला बे!"

मी भिंग खाली ठेवलं.

बाई हसली नाही, चिडलीही नाही. तिनं फक्त विचारलं, "तुमाले कोनं सांगतलं होतं पुसाले?"

"कोणी नाही."

"तिच्या नवऱ्यानं?"

"नाही बाई. कोणीच नाही. आम्ही सगळ्यांचंच करायचो."

मग ती म्हणाली, "तिनं फोटो आनला तवा आम्ही लई हासलो होतो. ते म्हने, फोटोवाल्यानं माहं गोंदण खाल्लं. मले वाटलं, कागदावर नाही आलं, पन तुमच्या फिल्मवर तरी असन. मंग तिनं तो फोटो पेटीत टाकून देल्ला, भितीवर नाही लावला. म्हने, हे बाई मी नोहे. मेल्यावर सारं इथंच राहते, भाई, बांगड्या, दागिने, लुगडं. गोंदण तेवढं संग येते म्हनतात. अन् मले सांगत होती, मी तर मुद्दाम हनुवटी वर करून बसली होती. सारं दिसावं म्हून."

तेव्हा मला तो दिवस आठवला. चेहरा नाही आठवला, एवढी माणसं समोर बसून गेली. पण मी एका नव्या नवरीला तीनदा म्हटलं होतं, बाई, मान खाली घ्या, आणि तिनं तीनदा खाली घेऊन तीनदा वर केली होती. मी वैतागून तसाच फोटो काढला. टेलिफोन धरायलाही तिनं नकार दिला होता. मला वाटलं, काय नखरा आहे! आणि ती बिचारी मला दाखवत होती. समोर माणूस लागतो, असं मी टपरीवरच्या मंडळींसमोर छातीवर हात ठेवून सांगितलं होतं ना? समोर माणूस होता, आणि जे पाहा म्हणत होता, नेमकं तेच मी पुसलं. मला माझीच लाज वाटली. भयंकर वाटली.

एक वाट उरली होती. पेन्सिल फिल्मच्या वर असते, आत नसते. टर्पेंटाइनमध्ये कापूस भिजवून पुसलं तर शिसं निघतं. पण फिल्म तीस वर्षांची, बुरशी कडेपर्यंत आलेली. कापूस जोरात फिरला तर शिशासोबत चेहराही निघून येईल. दुसरं निगेटिव्ह नाही, दुसरा फोटो नाही. हे मी तिला स्पष्ट सांगितलं.

"आहे तसा छापला तर निदान डोळे, नाक, ओठ तिचेच येतील," मी म्हटलं. "पुसायला गेलो तर कदाचित काहीच राहणार नाही. तुम्ही सांगा."

"पुसा," ती म्हणाली. "तसा फोटो तर तिनंच पेटीत टाकला होता."

काडीला कापूस गुंडाळला. फ्लेक्सवाल्यानं न सांगता खिडकीचा पडदा वर धरला आणि माझ्या मते त्यानंही श्वास रोखला होता. मी गालापासून सुरुवात केली, एकदाच, हलक्यानं. कापूस राखाडी झाला. नवा कापूस घेतला. हनुवटीच्या डाव्या बाजूला एक पांढरा ठिपका उघडा पडला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मी थांबलो, कपाळाचा घाम पुसला, पुन्हा वाकलो.

तिसरा ठिपका वर होता. ओठाच्या दिशेनं सरकलेला, जरासा लांबट, हललेल्या पोरीचा.

आमच्या दोघांच्या कलेत फरक काय, हे मला विचाराल तर एवढाच सांगता येईल. त्याच्या यंत्रातली बाई कितीही पुसली तरी खालून कोणी निघणार नाही. माझ्या खोट्याखाली ती पोरगी तीस वर्षं हनुवटी वर करून बसून होती. पण ह्यात माझं कर्तृत्व काडीचं नाही. ते फिल्मचं आहे. तिनं जे पाहिलं ते धरून ठेवलं. मी तर कलाकार होतो, मी फक्त बिघडवलं.

छापण्याचा कागद आता मिळत नाही आणि माझी डार्करूम केव्हाच अडगळीची खोली झाली. मग निगेटिव्ह खिडकीवर लावून कॅमेऱ्यानं त्याचा फोटो घेतला, कॉम्प्युटरवर उलटा केला, काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. स्क्रीनवर एक सावळी पोरगी आली. रुंद कपाळ, घट्ट मिटलेले ओठ, थोडी रागावलेली. बाई स्क्रीनजवळ गेली. हवेत न थांबता तिनं सरळ तिसऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"हे पाय," ती म्हणाली, "इथंच हात सुटला होता माहा." आणि मग ती रडली.

मोठी प्रिंट काढायची मशीन अख्ख्या गावात एकाकडेच. फ्लेक्सवाल्याकडे. फाइल उघडल्यावर त्याची बोटं आपोआप बटणाकडे वळली. "जरासं साफ करून देऊ का? एका क्लिकमंदी होते. सवयीनं म्हनतो."

"हात लावून पाहा," मी म्हटलं.

"बरं बरं. चिडतो काहून?" तो म्हणाला, आणि जशीच्या तशी छापली. कागदही त्यानं स्वतःहून चांगला घातला.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी कॅमेरा घेऊन तांड्यावर गेलो. मांडवाच्या तोंडाशी पंधरा फुटी फ्लेक्स. वरच्या कोपऱ्यात ढगांमधून आशीर्वाद देणारी ती दुधासारखी बाई, आणि खाली, हो, उंट. फ्लेक्सवाल्यानं नमुना आधीच नवऱ्या मुलाकडच्यांना दाखवला होता; त्यांना उंट फार आवडला, काही काढू दिलं नाही म्हणे. त्या उंटासमोर उभं राहून पोरं सेल्फी काढत होती. अब्बांचा बदकासारखा हंस मला आठवला आणि मी तोंड मिटून आत गेलो.

मावशीनं फोटो अजून कोणाला दाखवला नव्हता. पाटावर उभा ठेवला होता, वर फडकं. नवरी मुलगी आली, हातात हार घेऊन वाकली, आणि मावशीनं फडकं काढलं.

मुलगी पाहत राहिली. पाया पडायचं विसरली, हार हातातच. तिनं फोटोकडे पाहिलं, मग मावशीकडे पाहिलं, मग पुन्हा फोटोकडे.

"मावशी, हे तर तूच होय."

"नोहे वं. नीट पाय. मले तिन्ही एका रेघेत हायेत. इचा तिसरा वर हाय."

मुलीनं एक बोट फोटोतल्या हनुवटीवर ठेवलं आणि एक मावशीच्या. दोन्हीकडे सावकाश फिरवलं, तिसऱ्या ठिपक्यापर्यंत.

"म्हंजे याडी तुह्यासारखी होती," ती म्हणाली. "मी तिले रोजच पाहून राह्यली होती, अन् मले माहीतच नाही."

मावशीनं मुलीचं डोकं दोन्ही हातांनी धरलं, घट्ट. मग तशीच माझ्याकडे वळली.

"भाई, आता आमचा दोघींचा एक काढा," ती म्हणाली, आणि तिनं हनुवटी वर केली. "अन् हे पाहा, पुसू नका काही."

"नाही पुसत, बाई," मी म्हटलं.